कोर्लईचं लाईटहाऊस : गुडघेदुखीवाल्या आईला नेता येतं का? (येतं, पण गाडी लांब ठेवा)

पायपीट:

मंडळी, अलिबागच्या धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं की वयस्कर माणसांना घेऊन जाण्यासारखं, फार चढण नसलेलं पण नुसतं बीचवर बसण्यापेक्षा बरं असं काही आहे का तिकडे. तिथे चार ओळीत लिहायला गेले आणि लांबतच गेलं म्हणून हा वेगळा धागा.

आईचं माहेर रेवदंडा. वाडीतलं जुनं घर आहे, आता मामा एकटाच राहतो. आईची लहानपणची एक आठवण आम्ही शंभर वेळा ऐकलीय, उन्हाळ्यात जेवणं झाली की सगळी पोरं पुळणीवर जायची आणि खाडीपलीकडे कोर्लईची बत्ती दिसायची. पेटली, गेली, पेटली, गेली. मधले आकडे मोजत बसायचे. तेव्हा साळावचा पूल नव्हता, पलीकडे जायचं म्हणजे होडी, आणि बत्ती बघायला म्हणून पोरींना कोण नेतंय. पुढे लग्न होऊन डोंबिवलीला आली. थोडक्यात काय तर बहात्तर वर्षांची झाली तरी ती बत्ती बाईने कधी जवळून पाहिलेली नाही, आणि आता दोन्ही गुडघे असे की जिना म्हटलं की आधी कठडा आहे का विचारते.

फेब्रुवारीत मामाकडे गेलो होतो तेव्हा ठरवलं की न्यायचंच. साडेतीनला निघालो, पूल ओलांडून मुरुडच्या रस्त्याला लागलो आणि कोर्लई गावात वळलो. इथे मी पहिली चूक केली. नकाशात रस्ता थेट लाईटहाऊसपर्यंत दिसत होता म्हणून गाडी तशीच कोळीवाड्यात घातली. घरं दोन्हीकडून अंगावर येतात, मध्ये जाळी पसरलेली, कुठे जवळा (बारीक कोळंबी) वाळत घातलेला, कोंबड्या, सायकली आणि समोरून बर्फाचा टेम्पो. रिव्हर्स घेताना आरशात जाळ्याचं टोक अडकलं आणि दोन हात जाळं गाडीबरोबर आलं. मी घामाघूम. एक मावशी शांतपणे उठल्या, आरशातून जाळं सोडवलं आणि म्हणाल्या, "गाडी ठेव ना मागं, पाय हायेत ना?" मी आईकडे बोट दाखवलं तर म्हणाल्या, "त्यांनापन हायेत." आई जी खूश झाली त्या वाक्यावर, पुढचा अख्खा रस्ता कुणाचा हात धरला नाही तिने.

आता मुद्द्याचं. गाव संपलं की रस्ता टेकडीच्या पायथ्याने जातो, डावीकडे समुद्र, उजवीकडे टेकडी आणि वर किल्ल्याची तटबंदी. दोनेक किलोमीटर धरा. जवळपास सपाटच आहे, शेवटी थोडासा चढ. सावली मात्र औषधालाही नाही, म्हणून साडेचारच्या आधी चालायला लागू नका. ओहोटी होती, काळे खडक उघडे पडलेले, त्यातल्या डबक्यांत छोटे खेकडे, माझी दोन्ही पोरं तिथेच अडकली. आम्हाला एरवी पंचवीस मिनिटं लागली असती तिथे पाऊण तास लागला, आई तीनदा बसली, पण गुडघ्यासाठी एकदाच. उरलेल्या दोन वेळा समुद्राकडे तोंड करून बसली आणि पलीकडे आमचं घर कुठे असेल ते सुरुच्या बनावरून शोधत होती.

लाईटहाऊस म्हणजे बाग नाही, सरकारी ऑफिस आहे चालू असलेलं. गेटवर नाव लिहायचं, नाममात्र तिकीट, ठरावीक वेळातच वर सोडतात (वेळ बदलते, गावात शिरतानाच कुणाला तरी विचारा). टॉवर फार उंच नाही पण वरचा टप्पा अरुंद आहे, उतरताना शिडीकडे तोंड करून उतरायचं. पोरं आणि नवरा वर गेले. आई खालीच थांबली. टॉवरच्या भिंतीला हात लावून वर बघत उभी राहिली जरा वेळ. मी म्हटलं काय गं, तर म्हणे, "मला वाटलं होतं मोठी असेल."

मागून पायऱ्या आहेत, त्या थेट किल्ल्यात जातात, दहा-पंधरा मिनिटांत धडधाकट माणूस वर पोचतो. ते काम नवऱ्याने केलं. फोटो टाकते जमलं की.

दोन_चहा:

मस्त लिहिलंय. "त्यांनापन हायेत" 😂

एक प्रश्न, गाडी नक्की कुठे ठेवली मग? सासूबाईंना चालणं अजिबात होत नाही, त्यांना लाईटहाऊसपर्यंत गाडीने सोडून परत येता येईल ना?

पायपीट:

@दोन_चहा, गावाच्या अलीकडे रस्ता रुंद आहे तिथे कडेला लावली, एका दुकानदाराला विचारून. त्यांच्याकडूनच येताना सरबत घेतलं.

वडखळचा_प्रवासी:

येतं की सोडता. मी तीनदा गेलोय, तिन्ही वेळा गाडी गेटपर्यंत नेली. रस्ता आहे तर गाडी जाणारच. उगाच लोकांना घाबरवू नका. सकाळी नवाच्या आत गेलात तर कोळीवाड्यात काही अडत नाही. चालण्यात कसला रोमान्स आलाय उन्हात.

खाडीकाठ:

मी चौलचा. वडखळकर, सकाळी नवाच्या आत होड्या येतात, म्हणजे बरोबर तेव्हाच लोकांचं काम चालू असतं. टोपल्या, बर्फ, लिलाव. तुम्हाला अडलं नाही कारण त्यांनी बाजूला घेतलं सगळं. शनिवार-रविवारी चाळीस गाड्या येतात आणि प्रत्येक जण म्हणतो मी एकटाच तर आहे. माझ्या मित्राच्या आईचा सुकायला घातलेला जवळा गेल्या वर्षी एका एसयूव्हीने चाकाखाली घेतला, काच खाली करून "सॉरी हां" म्हणाले आणि गेले. त्या जवळ्यात वाळू गेली की तो कोंबड्यांना घालायचा, दुसरं काय करणार.

@दोन_चहा, ज्यांना चालता येत नाही त्यांना नेण्याला कुणाची ना नाही, उलट गावात सांगितलंत तर पोरं पुढे होऊन रस्ता करून देतात. बाकी चौघांनी गाडीतून उतरून चालावं एवढंच. रिक्षाही मिळते, रेवदंड्याहून ठरवून आणा.

वडखळचा_प्रवासी:

ठीक आहे, हे माहीत नव्हतं. एसयूव्ही माझी नव्हती 🙂

कोकणकडा२:

किल्ल्याबद्दल एका वाक्यात उरकलंत, हे काही बरोबर नाही! 😀 पोर्तुगीज याला मोरो दि चौल म्हणायचे, मोरो म्हणजे टेकडी. समोर रेवदंडा पोर्तुगीजांकडे आणि ही टेकडी निजामशाहीकडे, म्हणजे समोरच्याने इथे तोफा चढवल्या की खाडीचं तोंड बंद. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी जिंकून घेतली. मग वसईच्या मोहिमेच्या वेळी, १७३९ ला, चिमाजीअप्पांनी सुभानराव माणकरांना इकडे पाठवलं आणि १७४० च्या तहात चौल आणि कोर्लई दोन्ही मराठ्यांकडे आली.

किल्ला लांबट आणि अरुंद आहे, टेकडीच्या कण्यावर बसवल्यासारखा, म्हणून वर गेलं की एका वेळी दोन्हीकडचं पाणी दिसतं, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला कुंडलिकेची खाडी. एकामागे एक दरवाजे, पडकं चर्च, पाण्याचं टाकं, जवळच महादेवाचं देऊळ. खाडीतून साळावकडे जाणारे बार्ज इथून खेळण्यासारखे दिसतात. माझ्या मते लाईटहाऊसपर्यंत जाऊन वर न जाणं म्हणजे जेवायला बसून नुसती कोशिंबीर खाऊन उठणं. पण पावसाळ्यात त्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तेव्हा मात्र जाऊ नका.

पायपीट:

@कोकणकडा२, कोशिंबीर चांगली असली तर काय हरकत आहे? 😛 नवरा वर जाऊन आला, मी आईजवळ थांबले. पुढच्या वेळी नक्की.

गावात मला एक गंमत वाटली. चर्चजवळ दोन बायका बोलत होत्या, मला वाटलं मोडकंतोडकं कोंकणी आहे, पण कान दिला तरी काही कळेना.

खाडीकाठ:

मोडकंतोडकं नाही हो ताई, आणि कोंकणी तर नाहीच. ती कोर्लईच्या ख्रिस्ती लोकांची स्वतःची भाषा आहे, ते नो लिंग म्हणतात, म्हणजे आपली भाषा. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशे वर्षं झाली, पण एवढ्याशा गावात हजारेक माणसं अजून घरात बोलतात. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण वाक्याची चाल आपल्या मराठीची, क्रियापद शेवटी. पोर्तुगालचा माणूस आला तर त्यालाही धड कळणार नाही आणि आपल्यालाही. माझा मित्र शाळेत आमच्याशी मराठी बोलायचा आणि घरी हाक आली की त्याच दमात भाषा बदलायचा, आम्ही बघत बसायचो तोंडाकडे.

पायपीट:

अरे बापरे, सॉरी, मला खरंच माहीत नव्हतं. वरचं "मोडकंतोडकं" मागे घेते. आईलाही वाचून दाखवलं. म्हणे, "बाजाराला यायच्या की त्या बायका रेवदंड्याला, आमच्याशी मराठीच बोलायच्या." म्हणजे समोरच्या गावात एवढी वेगळी भाषा आहे हे हिलाही आताच कळतंय.

निवृत्त_नाखवा:

बत्त्यांचा विषय निघाला म्हणून लिहितो, छत्तीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली.

पायपीट, तुमच्या आई लहानपणी जे करत होत्या ना, तेच आम्ही जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे सुकाणूच्या खोलीत, पगार घेऊन करायचो. प्रत्येक बत्तीची चाल वेगळी ठेवलेली असते, किती सेकंदांनी किती झोत, आणि हे सगळं पुस्तकात छापलेलं असतं. अंधारात किनारा म्हणजे नुसती काळी रेघ. झोत दिसला की स्टॉपवॉच दाबायचं, पुढचा दिसेपर्यंत मोजायचं, असं तीन-चार वेळा, आणि मग पुस्तकात बघून म्हणायचं ही अमकी. मुंबईत शिरताना खांदेरीची १८६७ ची बत्ती आणि कुलाब्याच्या टोकाला १८७५ चं प्रॉंग्ज, या दोन ओळखल्या की घर आलं. आता जीपीएस आहे, जहाजांना एकमेकांची ओळख आणि जागा कळवणारं एआयएस आहे, पण जीपीएस बिघडलं तर बत्ती बिघडलेली नसते, म्हणून अजून ठेवल्यात.

एक गंमत मुलांना सांगा. नजरेची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि ३.६ ने गुणायचं, की क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते निघतं. पुळणीवर उभ्या माणसाला जेमतेम पाच किलोमीटर. तीस मीटरवर चढलात की जवळपास वीस. मूल दहा मीटर चढलं की स्वतःच हिशोब करून बघतं.

कोकणकडा२:

काका भारी माहिती. मग मला एक सांगा, एवढी आयती टेकडी होती तर बत्ती माथ्यावर का नाही बांधली? वरून आणखी लांब दिसली असती की.

सॅनहोजेची_काकू:

मध्येच नाक खुपसते. आमच्या इकडे कॅलिफोर्नियात पॉइंट रेयस म्हणून आहे, १८७० चं दीपगृह. तिथे तर कड्यावरून ३१३ पायऱ्या खाली उतरावं लागतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा हे म्हणाले, कुठल्या शहाण्याने बत्ती खड्ड्यात बांधली. मग रेंजरने सांगितलं की धुकं वरच्या बाजूला जास्त असतं, माथ्यावर बांधली असती तर बत्ती ढगात आणि बोटी खाली अंधारात. भिंगाचे तुकडे फ्रान्सहून आणलेत, काचेचं मोठं पोळं उभं केल्यासारखं दिसतं. उतरताना सोपं वाटतं हो, चढताना आमच्या सासूबाई तुळशीबागेतून निघाल्यासारख्या दर वीस पायऱ्यांवर थांबत होत्या.

पायपीट, तुमचा रस्ता परवडला. पुढच्या भारतवारीत नक्की.

निवृत्त_नाखवा:

काकूंनी माझं काम केलं. कोर्लईला नेमका काय विचार केला ते बांधणाऱ्यांनाच ठाऊक, पण उंच तितकं चांगलं असं नसतं हे खरं. दक्षिण आफ्रिकेत केप पॉइंटला जुनी बत्ती समुद्रापासून २३८ मीटरवर होती, बऱ्याचदा ढगात. १९११ साली लुसिटानिया नावाची पोर्तुगीज बोट तिथे खडकावर गेली (ती पाणबुडीने बुडवलेली प्रसिद्ध लुसिटानिया वेगळी). त्यानंतर खालच्या अंगाला नवीन बत्ती बांधली. आपल्याकडे जुलैत टेकड्यांचे माथे ढगात असतात ते तुम्ही बघताच की.

आणि कुठल्याही जुन्या दीपगृहात वर गेलात आणि दिवसा भिंगाभोवती पडदे ओढलेले दिसले तर ते उघडायला जाऊ नका. पोरांना फार हौस असते. रात्री जे भिंग दिव्याचा उजेड बाहेर फेकतं तेच दिवसा सूर्य आत गोळा करतं, आग लागू शकते.

दोन_चहा:

हे पडद्याचं माहीतच नव्हतं! मला वाटायचं धूळ बसू नये म्हणून.

आम्ही पुढच्या रविवारी जातोय. रोरोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) भाऊच्या धक्क्यावरून मांडवा, पुढे अलिबाग. खायचं काय तिथे?

खाडीकाठ:

रविवार टाळता आला तर टाळा, नाहीच तर सकाळी लवकर. गावात जेवण हवं तर आदल्या दिवशी फोन करून सांगावं लागतं, आयत्या वेळी चहा-बिस्कीट मिळेल. थंडी सरली तरी कुणाच्या वाडीत पोपटी (मडक्यात भाजलेल्या शेंगा) लागली असेल तर लाजू नका, वालाच्या शेंगा संपेपर्यंत लावतात. आणि येताना अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा घ्या, पण बारीक मानेचे बघून घ्या, जाड मानेचा टिकत नाही.

दोन_चहा:

जाऊन आलो! रिपोर्ट देते.

सासूबाईंना रेवदंड्याहून रिक्षाने पुढे पाठवलं, बाकी आम्ही चाललो. खाडीकाठ म्हणाले तसं गावात एका मुलाने रिक्षापुढे चालत जाळी बाजूला करून दिली. आम्हाला मात्र उशीर झाला, वर सोडायची वेळ संपली होती. मुलगा रडला, मग खडकांवर गेला आणि विसरला. सासूबाई आधी पोचून कठड्यावर बसलेल्या, त्यांनी तिथे आलेल्या दोन कॉलेजच्या मुलींशी अशा गप्पा मारल्या होत्या की त्यातल्या एकीचं लग्न जमवायला घेतलं होतं.

पाणी घेऊन जा लोकहो. आम्ही चौघांत एक बाटली नेली, परतताना भांडणं झाली. जवळा अर्धा किलो घेतला, घरभर वास.

वडखळचा_प्रवासी:

मी पण गेलो शनिवारी. गाडी बाहेर ठेवली. लिहून ठेवा.

खाडीकाठ:

लिहून ठेवलं 🙏

निवृत्त_नाखवा:

पायपीट, एक राहिलंच विचारायचं. आईंना आठवतं का, किती आकडे व्हायचे दोन झोतांच्या मध्ये?

पायपीट:

काका, तुमचा प्रश्न आला तेव्हा आम्ही परत रेवदंड्यालाच होतो, होळीला. आईला विचारलं तर म्हणे, "आठवत नाही गं, मला मोजता मोजता झोपच लागायची." मग रात्री जेवून सगळे पुळणीवर गेलो. आई आणि मामा दोघं शेजारी खुर्च्या टाकून बसले, बत्ती लागली की मोजायला सुरुवात. पण दोघांचे आकडे काही जुळेनात. आई म्हणे, "तू लहानपणापासून भरभर मोजतोस." मामा म्हणे, "तू मध्येच बोलतेस मग आकडा चुकतो." अर्धा तास हेच. मी मोबाईलवर स्टॉपवॉच लावून देते म्हटलं तर दोघांनीही हाकललं मला.